दुसरा रोही

पहिला रोही मी पाहिला होता. हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो, कारण माझ्या गाडी चालवण्यावर नंतर गल्लीत बरीच चर्चा झाली. खामगावहून बुलढाण्याला येताना, बोथ्याच्या जंगलात, ऐन दिवेलागणीला तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मी ब्रेक लावला. त्यानं माझ्याकडे तहसीलदारासारखं पाहिलं आणि सावकाश डावीकडे उतरला. मी स्वतःवर खूश होऊन गिअर टाकला. एक रोही गेला की मागे दुसरा असतोच, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. आठवलं मात्र दुसरा अंगावर आल्यावर.

घरी बातमी पोचली ती 'हरणाला धडकले' अशी. हरीण म्हटलं की ऐकणाऱ्याची सहानुभूती आपसूक तिकडे जाते. म्हणून सांगतो, रोही हरीण नव्हे आणि नीलगाय म्हणतात म्हणून गायही नव्हे. चितळ-सांबराची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात. याची वीतभर आखूड शिंगं जन्माची. कूळ गाय-बैलांचं. भरलेला नर 200 किलोच्या पुढे जातो. माझी गाडी 112 किलो, मी 68. कोणी कोणाला उडवलं, ते बेरीज करून ठरवा.

मी गाडीखालून पाय काढत होतो, तेवढ्यात एक शेतकरी टॉर्च घेऊन आला. त्याचा पहिला प्रश्न, ''मेला का?''

''नाही, पळाला.''

''मंग काय उपयोग!'' तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याचं लक्ष माझ्या गुडघ्याकडे गेलं. त्याचा राग मी समजू शकतो. हरभरा वर आला की धुऱ्यावर घरातल्या जुन्या साड्या बांधायच्या, रात्र-रात्र जागल करायची, आणि सकाळी पाहावं तर साड्या जागेवर, हरभरा गायब.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्तरीकडे ढकलत नेली. त्यानं दुरूनच विचारलं, ''रोही का, सर?'' कशावरून, तर हेडलाइटच्या डोमच्या फटीत पाच-सहा राखाडी राठ केस अडकले होते. पक्कडीनं एक-एक ओढून त्यानं ते पत्र्याच्या डब्यात ठेवले, नटबोल्टांच्या शेजारी. म्हणाला, ''नशीब समजा, वाघ नव्हता.''

वाघाचं नाव इथे उगाच निघत नाही. 2019 च्या डिसेंबरात टिपेश्वरचा एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओ कॉलर, तेराशे किलोमीटर चालून बोथ्याच्या याच ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. वाटेत तेलंगणाही पाहून. एवढे रस्ते ओलांडून तो धड पोचला. मला खामगाव-बुलढाणा धड जमलं नाही.

मला वाटलं होतं, मडगार्ड, डावा इंडिकेटर, क्लचचा दांडा, एवढंच. मिस्तरीनं पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, हँडल सरळ केलं आणि मला समोर उभं केलं. हँडल माझ्याकडे पाहत होतं, चाक शेजारच्या पानटपरीकडे. ''शॉकप वाकले नाई, टी मंधी फिरले,'' तो म्हणाला. खात्रीसाठी त्यानं दोन्ही पाइप काढून काचेवर लोळवले. खाली कुठेच उजेड दिसला नाही. मग टीचे बोल्ट पुन्हा आवळले. चाक फिरवून बाजूला खडू धरला. एकाच जागी खडू लागला, तिथले स्पोक त्यानं ढिले-घट्ट करत आऊट काढला.

खरी गंमत हँडलच्या बॉलरेसरची. गाडी डबल स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी. त्यानं माझं बोट हँडलच्या टोकाला ठेवलं. ''हळू फिरवा.'' डावीकडून उजवीकडे हँडल लोण्यासारखं गेलं, पण बरोबर मध्ये, खट् करून अडकलं. धक्क्यानं गोळ्यांनी कपात खाच पाडली होती. वळताना काही कळत नाही. सरळ जाताना मात्र गाडी डुलते. सरळ मार्गानं जाणाऱ्यालाच त्रास, असं मी म्हणून पाहिलं. मिस्तरी हसला नाही. ''बदलावं लागते, सर.''

विम्याचा विषय निघाला. माझा विमा फक्त थर्ड पार्टी. थर्ड पार्टी रात्रीच जंगलात पसार झाली होती, आणि भरपाई मागायची वेळ आली असती, तर कायद्यानं संरक्षित ती होती, मी नव्हतो.

गाडी आता सरळ चालते. गुडघाही बराचसा. डावा इंडिकेटर मात्र या मॉडेलचा अजून मिळालेला नाही, म्हणून डावीकडे वळताना मी हात दाखवतो. बोथ्याच्या रस्त्यानं माझ्या मागे असाल तर जरा अंतर ठेवा, आणि मी एका रोह्यासाठी थांबलो, तर मिनिटभर हॉर्न वाजवू नका.