प्राग, पाच तासांत

विमान बदलायला मधे पाच तास होते, म्हणून ‘तेवढ्यात प्राग उरकून घेऊ’ असं हिनं ठरवलं. सामान लॉकरमध्ये ठेवायचे पैसे मी वाचवले. जुन्या शहरातल्या दगडी फरसबंदीनं दहा मिनिटांत बॅगेचं चाक गिळलं. पुढे हमाल मीच. तिथलं १४१० सालचं खगोलीय घड्याळ तासाला खेळ दाखवतं : सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून प्रेषित डोकावतात, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. नेमका तेव्हा मी स्वच्छतागृहाच्या दारात, हातात युरोचं नाणं. आणि दाराला हवा कोरुना. कोंबडा तेवढा ऐकू आला. चार्ल्स पुलावर ३० पुतळे आहेत. हिच्या फोटोंत एकतिसावाही दिसतो, बॅग खांद्यावर घेतलेला.