रेल्वे निवृत्त होईल तेव्हा

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात, कॅमल नदीच्या काठाकाठाने, पॅडस्टोहून वेडब्रिजमार्गे बॉडमिनच्या बाजूस जाणारी एक रमणीय वाट आहे. त्या खोऱ्यातली पहिली रेल्वे १८३४ साली सुरू झाली, ती समुद्रकाठची वाळू खत म्हणून शेतांवर पोचवण्यासाठी. पुढे १९६७ साली पॅडस्टोची उतारू गाडी बंद झाली, रूळ निघाले, आणि आगगाडीला चढ सोसत नाही म्हणून अभियंत्यांनी जी सपाट वाट आखून ठेवली होती, तिचा लाभ आता सायकलीवर बसलेल्या वृद्धांच्या गुडघ्यांना अनायासे मिळतो.

अशी वाट आमच्या मौजे दहिसरासही असावी, असे मला फार दिवस वाटत आले आहे. साहित्य तर सिद्धच आहे: नदी आहे, रेल्वे आहे, आणि गुडघे विपुल आहेत. अडचण एवढीच की, तिकडे रेल्वेने पेन्शन घेतले व नदी कामावर राहिली. इकडे तुळशी तलावापासून निघून राष्ट्रीय उद्यानातून खळाळत येणारी नदी वस्तीत शिरताच तबेल्यांचे शेण, धुण्याचा साबण आणि गटारांचे पाणी पदरात घेऊन, बडतर्फ कारकुनाप्रमाणे खाली मान घालून मनोरीच्या खाडीकडे चालू लागते. पावसाळ्यात मात्र ती हंगामी नेमणुकीवर रुजू होते, आणि २६ जुलै २००५ रोजी तिने घरोघर जातीने केलेली पाहणी दहिसरकर अद्याप विसरलेले नाहीत.

रेल्वेच्या मनाला निवृत्तीचा विचार शिवतही नाही. १८६७ साली विरारहून मुंबईस लोकल सुरू झाली, तेव्हापासून हिची उमेद वाढतीच आहे. सकाळच्या विरार गाडीत दहिसरच्या माणसाने पाऊल ठेवणे हा तर आतल्या मंडळींच्या दृष्टीने दखलपात्र गुन्हाच. त्यात २०२२ साली डोक्यावरून मेट्रोही धावू लागली. २०२१च्या तौक्ते वादळात शेजारच्या उद्यानातली चिमुकली 'वनराणी' बंद पडली, तेव्हा एक तरी माजी रेल्वे पदरी पडेल अशी आशा वाटली होती. परंतु वन खात्याने तिच्या पुनरुज्जीवनाची तजवीज आरंभिली.

तेव्हा ज्यांना दहिसर नदीच्या काठाने फिरण्याची हौस असेल, त्यांनी रेल्वेच्या निवृत्तीची वाट न पाहता, बोरिवलीच्या फाटकातून उद्यानात शिरून, जिथे ती अद्याप नदीच्या हुद्द्यावर आहे तिथेच तिला गाठावे. फक्त सोमवारी जाऊ नये, त्या दिवशी उद्यान बंद असते.