फक्त दोनशे किलोमीटर चाललेली

कोथरूडच्या एका गृहस्थांनी ऐन शेहेचाळिशीत रोड बाईक घ्यायचं ठरवलं. घराण्यात याआधीचा सायकल-खरेदीचा अनुभव एकच होता. वडिलांनी फार पूर्वी एक हर्क्युलस आणली होती, तीही तिसऱ्या हातची. त्यांनी पुढचं चाक उचलून एक गिरकी दिली, आउट नाही हे पाहिलं, पेडल उलटं फिरवून छर्रे वाजतात का ते ऐकलं, बिल्ला चालू वर्षाचा आहे ना एवढं विचारलं आणि पैसे मोजून त्याच सायकलवरून दळण आणायला गेले. चिरंजीवांचा विचार मात्र गणपतीत सुरू झाला तो संक्रांतीपर्यंत चालू होता. तेवढ्यात घरातल्या लहानथोरांना 'रीच' आणि 'क्रँक' हे शब्द पाठ झाले. प्रश्न एवढाच होता, की नवी घ्यायची का जुनी.

सुरुवात रीतीप्रमाणे नव्यापासून झाली. चाळीस-पन्नास हजार हा आकडा मनाशी पक्का करून गृहस्थ दुकानात शिरले आणि तिथं त्यांना शिमानोची उतरंड भेटली. 1921 पासून जपानमधल्या साकाईत सायकलचे भाग बनवणाऱ्या या कंपनीनं रोड बाईकच्या गिअरसंचांची चढती भाजणी करून ठेवली आहे. खाली क्लॅरिस, मागे आठ चक्र्या. वर सोरा, नऊ. मग टियाग्रा, दहा. मग 105, ज्याला नावाच्या जागी आकडाच आहे. त्यावर अल्टेग्रा आणि सगळ्यांच्या डोक्यावर ड्यूरा-एस. दुकानातला मुलगा अत्यंत सज्जन. त्यानं काहीच खपवायचा प्रयत्न केला नाही, प्रत्येक पायरीवर फक्त "सर, थोडाच फरक आहे" एवढं म्हणाला. थोडा थोडा फरक भरत गृहस्थ चहा येईपर्यंत दीड लाखाच्या पुढं पोहोचले होते. तिथून खाली पाहताना क्लॅरिस फार केविलवाणी दिसते.

सरकारनंही मोहात भर घातली. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलींवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. म्हणजे पन्नास हजारांच्या सायकलवर सुमारे तीन हजार वाचतात. घरी हे सांगताना गृहस्थांच्या आवाजात अर्थमंत्र्यांचं समाधान होतं. पण वरच्या दर्जाच्या रोड बाईकला बऱ्याचदा पेडलच नसतात. प्रत्येकाची पसंती वेगळी म्हणून ते आपले आपण घ्यायचे. क्लिपवाले पेडल घेतले तर त्यात अडकणारे बूट आले, हेल्मेट, पंप, पुढचा-मागचा दिवा आणि पाठीमागे गादी शिवलेली ती घट्ट अर्धी चड्डीही आली. वाचलेले तीन हजार बुटांपर्यंतसुद्धा पुरले नसते.

"बिनपेडलची सायकल?" वहिनींनी विचारलं. "मग तिला ढकलत न्यायची का?"

या प्रश्नावर दुकानातल्या माहितीपुस्तिकेत काही नव्हतं.

तेव्हा जुनी. इथून कथेत रंगत येते, कारण वापरलेल्या रोड बाईकचा बाजार हा मोडलेल्या संकल्पांचा बाजार आहे. 2020च्या टाळेबंदीत जिम बंद पडल्या आणि जगभर सायकलींवर झुंबड उडाली. कारखान्यांना मागणी झेपेना, साध्या चेनसाठी महिनोनमहिने थांबावं लागे. मग ऑफिसं उघडली, सकाळच्या मीटिंग सुरू झाल्या आणि त्या सायकली एकेक करून बाल्कनीत गेल्या. वाळत घातलेले टॉवेल धरून ठेवण्याचं काम त्या चोख करतात. अखेर बाल्कनी आवरायची वेळ येते आणि जाहिरात पडते. "फक्त 200 किमी चाललेली. वेळेअभावी विकणे."

हे वाक्य खरं असतं, हेच त्यातलं करुण. दोनशे किलोमीटर म्हणजे कोथरूडहून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंतच्या पाच-सहा फेऱ्या फार तर. त्यातली पहिली उत्साहात, दुसरी मित्रांबरोबर फोटोसाठी, तिसरीत गुडघा. जाहिरातींची ही भाषा महिनाभर वाचून गृहस्थ तिचे जाणकार झाले. 'नव्यासारखी' म्हणजे धुतलेली. 'डॉक्टरांनी वापरलेली' म्हणजे किंमत कमी होणार नाही. 'अर्जंट' म्हणजे घर बदलणार आहेत किंवा सौभाग्यवतींनी मुदत दिली आहे. 'सीरिअस असाल तरच फोन करा' असं लिहिणारा स्वतः सायकलबद्दल सीरिअस नव्हता, म्हणून तर ती विकायला निघाली.

डॉक्टरांचा उल्लेख उगाच नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पुरी केली. पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर, सुमारे 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. 2017 साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लष्करातले श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकेकट्यानं पार केली. असं काही पेपरात आलं, की डॉक्टर मंडळींच्या क्लबात दुसऱ्या दिवशी किमान तिघे रोड बाईकची चौकशी करतात, आणि त्यातल्या दोघांच्या सायकली पुढं बाजारात येतात, असं प्रस्तुत लेखकाचं निरीक्षण आहे. पुरावा मागू नये.

गृहस्थ अर्थशास्त्राचे पदवीधर असल्यानं जुन्या मालाकडे संशयानं पाहायची त्यांना शास्त्रीय सवय होती. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध छापून आणला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. म्हणणं साधं होतं. गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरसकट कमी भाव देतो, तो भाव पाहून चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही आणि उरतो तो निवडक भंगार माल. या विचारासाठी 2001 साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. साभार परत करणाऱ्या संपादकांना त्या दिवशी काय वाटलं असेल, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पण पुण्याच्या रोड बाईक बाजाराला अकरलॉफ लागू पडत नाही, कारण इथं विकणाऱ्यालाही काही माहीत नसतं. पाषाणच्या एका सद्गृहस्थांना "मागची सर्वांत मोठी चकती किती दात्यांची?" असं विचारलं तेव्हा ते आत जाऊन चष्मा घेऊन आले. वाकडच्या एका तरुणाला आपल्या सायकलला बावीस गिअर आहेत हे ठाऊक होतं, पण डाव्या हाताचा खटका पुढचं चक्र बदलतो हे त्याला या गृहस्थांकडूनच कळलं. तो हरखला आणि सायकल विकायची नाही म्हणाला. खोट लपवायची तर ती आधी सापडावी लागते, आणि दोनशे किलोमीटरमध्ये कुणालाच काही सापडत नाही.

खरी भीती निराळीच असते आणि ती न चालवलेल्या सायकलीतच बसलेली असते. हे ज्ञान डेक्कनजवळच्या एका मिस्त्रींकडून मिळालं. त्यांचं पहिलं हत्यार म्हणजे शाळेतली बारा इंची पट्टी. सायकलच्या चेनचा पिनेपासून पिनेपर्यंतचा सांधा अर्धा इंच असतो, त्यामुळं चोवीस सांध्यांना बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. ते इंचाच्या सोळाव्या हिश्शानं जास्त भरले, की चेन बदलायची वेळ झाली. आठव्या हिश्शानं जास्त भरले, तर बहुतेक वेळा मागच्या चकत्याही गेल्या, कारण ताणलेली चेन दात्यांना आपल्या मापाचं करून घेते. "मालक काय बोलतो ते ऐकायचंच नाही, काका," मिस्त्री म्हणाले. "चेनला विचारायचं."

मग टायर. रबर न चालवताही म्हातारं होतं, बाल्कनीतल्या उन्हात तर लवकरच. बाजूच्या भिंतीला बारीक चिरा दिसल्या, की दोन टायरांचे पैसे सौद्यातून वजा. सीटचा दांडा वर-खाली सरकतो का ते पाहायचं. वर्षानुवर्षं ग्रीस न लावता तसाच राहिला, तर तो फ्रेममध्ये असा रुजतो की कापूनच काढावा लागतो. अॅल्युमिनिअमची फ्रेम असेल तर जोडांपाशी रंगाखाली केसासारखी रेघ शोधायची. कार्बनची असेल तर नाण्यानं टकटक करत जायचं. आवाज टणक येता येता एखाद्या जागी बद्द झाला, तर आतले थर सुटल्याचा संशय घ्यायचा. गृहस्थांनी हे इतकं मनावर घेतलं की एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते खिशातलं नाणं काढून सायकलीला कान लावून बसले असताना वॉचमननं त्यांना बाहेर काढलं.

आणि सगळ्यांत फसवी ती 'घरातच चालवलेली'. टाळेबंदीत लोकांनी मागचं चाक ट्रेनरला जोडून दिवाणखान्यात घाट चढले. बाहेरची धूळ नाही, खड्डा नाही, मीटरवर किलोमीटरही नाहीत. मात्र तासभर गाळलेला घाम थेंबाथेंबानं हँडलच्या पट्टीत आणि पुढच्या बेअरिंगमध्ये मुरतो. मिस्त्रींनी अशाच एका चकाचक सायकलची हँडलपट्टी सोडली, तर आत पांढरी भुकटी आणि खाल्लेलं अॅल्युमिनिअम. मालक म्हणाला, "पण ही पावसात कधी नेलीच नाही हो."

मापाचा घोळ तर वेगळाच. हर्क्युलस बावीस किंवा चोवीस इंची असायची आणि उंची कमी असली तर पोरं दांडीखालून पाय घालून चालवत. रोड बाईक सेंटिमीटरमध्ये येते, 52, 54, 56, आणि सीट वर-खाली केली तरी फ्रेमची लांबी बदलत नाही. गृहस्थांना 54 लागते. बाजारात त्यांना हवी तशी, हव्या त्या भावात, जवळजवळ नवी सायकल तीन वेळा सापडली. तीनही वेळा ती 58 होती. उंच माणसं संकल्प लवकर सोडतात की काय, याचा अभ्यास व्हायला हवा.

नव्या सायकलच्या बाजूनंही बोलायला हवं, नाहीतर दुकानातल्या त्या सज्जन मुलावर अन्याय होईल. जुन्या रिम ब्रेकवाल्या फ्रेममध्ये बऱ्याचदा 25 मिलिमीटरच्या वर टायर बसत नाही, फार तर 28. पुण्यातल्या ड्रेनेजच्या झाकणांवरून 25च्या टायरवर जाणं हा दंतवैद्यांना आश्रय देण्याचा प्रकार आहे. नव्या डिस्क ब्रेकवाल्या फ्रेम रुंद टायर सुखानं घेतात. शिवाय 105 आता बारा चक्र्यांची झाली, तेव्हा अकरा चक्र्यांच्या जुन्या संचाचे भाग मिळतात तोवर मिळतील. राहिली वॉरंटी. बऱ्याच नामांकित कंपन्या फ्रेमला आजन्म वॉरंटी देतात, ती फक्त पहिल्या मालकाला. दुसरा मालक जन्माला आलेलाच नाही असं कंपनी धरून चालते.

एका रविवारी गृहस्थ कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जाऊन आले. तिथं दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची घडी होणारी सायकल आहे, विमानातून छत्रीनं उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली. तिच्यापुढं उभं राहिल्यावर 2019चं मॉडेल जुनं म्हणावं का, याची त्यांना शंका यायला लागली.

निर्णय शेवटी बाणेरला झाला. अकराव्या मजल्यावर एका संगणक अभियंत्याची 54 सेंटिमीटरची, अॅल्युमिनिअमची, 105ची सायकल होती. पट्टीनं चेन निर्दोष ठरवली, टायर दोषी. सीटचा दांडा जरा कुरकुरत का होईना, हलला. मालकानं नवीच्या निम्म्याहून थोडी जास्त किंमत सांगितली. या गृहस्थांनी टायर, चेनचं तेल, हँडलपट्टी आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या मालकाची अनाथ अवस्था असे सगळे मुद्दे मांडले. घासाघीस अडली ती दोन हजारांवर. तेवढ्यात आतून मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात खोक्यात घातलेला पंप, दोन दिवे, पाण्याच्या बाटल्या, एकदाच घातलेले बूट आणि ट्रेनरची जड पिशवी होती.

"हे सगळं यातच धरा," त्या म्हणाल्या. "आणि दोन हजार कमीच द्या. पण आजच न्या."

पैसे मोबाइलवरून गेले. सगळे खाली पार्किंगमध्ये आले. पुढचं चाक काढून सायकल मोटारीच्या मागच्या सीटवर कशी आडवी ठेवायची ते ठरलं. तेवढ्यात विकणारे जरा घुटमळले आणि म्हणाले, "शेवटची एक चक्कर मारतो. गेटपर्यंत फक्त." ते बसले, पेडल मारलं, गेटपाशी पोहोचले आणि उजवीकडे वळून दिसेनासे झाले.

पाच मिनिटं गेली, पंधरा गेली. बाणेरची संध्याकाळची वाहतूक ऐन भरात होती. गृहस्थ सुटं हेल्मेट हातात धरून रस्त्याकडे पाहत होते.

"पैसे पोहोचलेत ना यांना?" मालकीणबाईंनी काळजीनं विचारलं.

"हो, मघाशीच."

"मग तुम्हीच फोन लावा," त्या लिफ्टकडे वळत म्हणाल्या. "आता सायकल तुमची आहे."