वाटणीला आलेलं इंजिन

आमच्या वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या चुलतभावाला रस्त्याकडची बाजू मिळाली, धाकट्याला तांब्याचा बंब मिळाला आणि मला इंजिन मिळालं. एवढं सांगितलं की समोरचा विचारतो, ‘किती हॉर्सपॉवरचं?’ वाटणीत पंपाचं इंजिन निघणं आपल्याकडे नवलाचं नाही. त्यामुळे माझं इंजिन आगगाडीचं आहे, चावीचं आहे आणि टेंडर धरून वीतभर आहे, हे सांगताना उगीच ओशाळल्यासारखं होतं. धाकट्याने बंबात एलईडीचा दिवा बसवून तो फ्लॅटच्या हॉलमध्ये ठेवलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आमचा वारसा’ म्हणून दाखवतो. माझा वारसा बिस्किटांच्या गंजक्या डब्यात, केसरीच्या पिवळ्या पडलेल्या अंकात गुंडाळून माळ्यावर पडला होता.

इंजिन आजोबांच्या थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या तात्यांनी, मुंबईहून आणलं. कोणासाठी आणलं ते आता कोणाला आठवत नाही. कोणालाही खेळायला दिलं नाही, एवढं मात्र झाडून सगळ्यांना आठवतं. आत्या नव्वदीला टेकलीय, पण तिच्या तक्रारींच्या यादीत ही अजून वरच्या नंबरावर आहे. ‘दिवाळीला कपाटातून काढायचे, पुसायचे आणि परत ठेवायचे. आम्ही लांबून बघायचं. त्यापेक्षा देवदर्शन बरं, निदान प्रसाद तरी मिळतो.’

इंजिनावर हॉर्नबीचा छाप आहे आणि मेकॅनो लिमिटेड, लिव्हरपूल असा पत्ता. हा फ्रँक हॉर्नबी मूळचा कारकून, लिव्हरपूलमधल्या एका मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे कामाला. घरच्या पोरांसाठी त्याने भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्ट यांचा एक खेळ तयार केला, १९०१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि त्यासाठी लागलेले पाच पौंड मालकाकडून उसने घेतले. त्याचाच पुढे मेकॅनो झाला. खेळण्यातल्या आगगाड्या म्हणजे तोवर जर्मनांची मक्तेदारी, बिंग आणि मेर्कलिन यांची. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन खेळणं पोरांच्या हातात द्यावंसं वाटेना, आणि १९२० मध्ये हॉर्नबीने आपल्या गाड्या बाजारात आणल्या. गृहस्थ पुढे पार्लमेंटातही निवडून गेला. मीही जन्मभर कारकुनीच केली. पण आमच्याकडे सणाचा अ‍ॅडव्हान्स मिळायलाही साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहावं लागायचं. तेव्हा आपल्याकडे हॉर्नबी का झाला नाही, हे निदान मला तरी विचारू नका.

जुनी वस्तू दुरुस्तीला काढली की गंजाचा बंदोबस्त करता येतो, सल्ला देणाऱ्यांचा येत नाही. बायकोने पहिल्याच दिवशी पितांबरी पुढे केली. तिचं म्हणणं सरळ होतं: समई निघते, तर हे का नाही निघणार? निघालं असतंच, पण रंगासकट. कारण या इंजिनाचा हिरवा रंग ब्रशने दिलेला नाही, छापलेला आहे. कथिलाचा मुलामा दिलेल्या सपाट पत्र्यावर रंग, रेषा, बॉयलरचे पट्टे, सगळं लिथो पद्धतीने छापायचं, मग पत्रा साच्यात दाबून वाकवायचा आणि त्याच्या कडेच्या जिभा खाचांतून ओवून आतून मुडपायच्या. झालं इंजिन. ना डाग, ना स्क्रू. या छपाईवर पितांबरीचे चार हात मारले की खाली लखलखीत पत्रा आणि वर काही नाही. समोरच्या बिऱ्हाडातून थिनरची सूचना आली. त्याने तर हॉर्नबीचा हिरवा रंग थेट फडक्यावर उतरला असता.

मेहुणा त्याच्याही पुढचा. त्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये एका मोटारसायकलचा रंग चालू होता, त्यातच इंजिनावर एक हात मारून आणतो म्हणाला. ‘भावजी, मेटॅलिकमध्ये. ओळखू येणार नाही.’ ओळखू येणार नाही, हीच तर माझी भीती होती. या छंदात हिशेबच उलटा असतो. टवके उडालेला का होईना, पण मूळचा रंग असेल तर जाणकार हातात घेऊन बघतात, आणि कोराकरकरीत नवा रंग दिलेला असेल तर खाली ठेवतात. मेहुण्याचा यावर अजून विश्वास नाही. तो जुने फ्लॅट रंगवून विकतो.

मी काय केलं तर जवळजवळ काहीच नाही. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेला कापूस, एका वेळी नखाएवढी जागा, आणि लगेच कोरडं पुसायचं. पाणी रेंगाळू द्यायचं नाही, कारण पत्रा जिथे कापला जातो त्या कडेवर कथिल नसतं आणि गंज तिथूनच आत शिरतो. तासाभराने चिमणीच्या खालची एक पिवळी रेघ उजळली, ती मी बायकोला बोलावून दाखवली. ती म्हणाली, ‘बाकीचं पुढच्या दिवाळीला?’

वरच्या मजल्यावरचे काका रेल्वेतले. भुसावळला वाफेच्या इंजिनांवर फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० पासून बनलेल्या डब्ल्यूजी इंजिनांवर त्यांची उमेद गेली. मालगाडीचं ते धूड हाकणाऱ्या माणसाला वीतभर इंजिन दाखवायला मी जरा कचरतच होतो. पण त्यांनी चष्मा बदलला, इंजिन उचललं आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर रीतसर तपासणी सुरू झाली.

‘फायरबॉक्स?’

‘नाही.’

‘इंजेक्टर?’

‘काका, खेळणं आहे ते.’

‘ते दिसतंय. रिव्हेट?’

‘छापलेले आहेत.’

‘म्हणजे आत काही नाही, नुसता वरून देखावा. आमच्या डिव्हिजनला एक साहेब होते असे.’

‘आत घड्याळ आहे ना. चावी दिली की चालतं. म्हणजे चालायचं.’

‘आता चालत नाही? मग डेड इंजिन म्हण. आणि डबे?’

‘डबे नाहीत.’

डब्यांशिवाय एकटं धावतं ते रेल्वेच्या भाषेत लाइट इंजिन, आणि स्वतः न धावता दुसऱ्याच्या मागे ओढलं जातं ते डेड इंजिन. एकच इंजिन दोन्ही खात्यांत कसं घालायचं, या पेचात काका बराच वेळ होते. तेव्हापासून जिन्यात गाठ पडली की तोंड उघडायच्या आत प्रश्न येतो, ‘शेडमधून निघालं का?’

निघत नव्हतं, कारण चाकं जागची हलत नव्हती. चावीच्या इंजिनाच्या पोटात दोन उभ्या पत्र्यांच्या मधे एक रुंद कमान असते आणि तिच्यापासून चाकांपर्यंत दातेरी चक्रांची माळ. ड्रायव्हरच्या जागेतून दोन दांडे बाहेर डोकावतात, एक ब्रेकचा आणि एक पुढे-मागे करायचा. ही सगळी जोडणी मी पेठेतल्या एका घड्याळजींकडे नेली. आता घड्याळजी उरलेत तेच मुळात थोडे, आणि उरलेल्यांचं काम म्हणजे सेल बदलणे. यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

‘चावी कोणी दिली?’

‘मी नाही दिली. ती फिरतच नाही.’

‘फिरणार कशी? पूर्ण भरलेली आहे. ब्रेक ओढलाय आणि वर वंगणाचा दगड झालाय. स्क्रू सोडला असता ना घरी, तर कमान तोंडावर आली असती.’ मग त्यांनी कमानीला तांब्याच्या तारेचे वेढे दिले आणि पुढचं बोलणं उद्यावर टाकलं.

तात्या तर चावी देणाऱ्यांतले नव्हते. मी आत्याला फोन लावला. पलीकडे चांगलाच वेळ शांतता. मग म्हणाली, ‘एकदाच दिली रे. ते जेवून वर आडवे झाले होते. चावी दिली आणि तेवढ्यात जिन्यावर पाऊल वाजलं. मग ओढला तो दांडा आणि ठेवलं जागच्या जागी. तू हे कोणाला सांगितलं नाहीस ना?’ तात्यांना जाऊन पन्नासेक वर्षं झाली. मी म्हटलं, नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी जुन्या टूथब्रशने पेट्रोल लावून वंगण सोडवलं. मेणबत्तीच्या मेणासारखे त्याचे पापुद्रे निघाले. मग तार हळूहळू सैल केली, ब्रेक सोडला, आणि कमानीने एक उसासा टाकून चाकं खरखर फिरवली. आत्याने लहानपणी दिलेली चावी अशी त्या दुकानाच्या काउंटरवर खर्ची पडली. शेजारी एक बाई मुलाच्या मनगटी घड्याळाचा पट्टा बदलून घेत होत्या, त्यांनी ‘अय्या’ म्हटलं. एवढ्या क्षणाला एवढीच दाद मिळाली. कमानीला नवं ग्रीस लागलं, आणि चक्रांच्या आसांना शिलाई मशीनचं तेल, तेही सुईच्या टोकाने एकेक थेंब. जास्त तेल घातलं की ते धूळ धरतं आणि पुन्हा तोच दगड होतो.

पण फिरता फिरता एका चाकाची कपची उडून काउंटरवर पडली. याचा दोष ना तात्यांकडे, ना आत्याकडे. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या या गाड्यांची चाकं जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली आहेत. त्या ओतकामात शिशाचा अंश मिसळला गेला असेल तर धातू आतल्या आत फुगतो, तडकतो आणि शेवटी हातात भुगा येतो. हात न लावता कपाटात ठेवलेलं इंजिनही यातून सुटत नाही. तात्यांना हे कळायला हवं होतं. फेविक्विक, एम-सील यांचा इथे उपयोग नाही, चाकच बदलावं लागतं. इंग्लंडात हौशी मंडळी अशी चाकं नव्याने ओतून विकतात, आणि सुदैवाने माझी भाची तिथेच असते. दरवर्षी जाताना ती दोन किलो भाजणी नेते. या वेळी येताना चार चाकं आण म्हटलं.

‘मामा, एअरपोर्टवर विचारलं तर काय सांगू?’

‘इंजिनाची चाकं आहेत म्हणून सांग.’

‘आणि इंजिन कुठे आहे विचारलं तर?’

‘पुण्यात. डेड.’

कोणी विचारलं नाही. चाकं भाजणीच्या रिकाम्या डब्यातून आली आणि त्यांना महिनाभर खमंग वास येत होता.

पहिली फेरी आमच्या हॉलमध्ये झाली. आत्याला मुद्दाम रिक्षाने आणलं. काका जुनी शिट्टी घेऊन उतरले आणि ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही म्हणून अडून बसले. ती शेवटी बायकोने स्वयंपाकघरातून दिली. चावी आत्याने भरली, चांगली दणकून, आणि ब्रेकही तिनेच सोडला. इंजिन फरशीवरून तिरकं निघालं, काकांच्या पायांमधून गेलं आणि सोफ्याखाली दिसेनासं झालं. आतून थोडा वेळ घरघर आली, मग थांबली. नातवाने वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, ‘संपली.’ त्याच्या आयुष्यात आजवर सगळं डिस्चार्ज व्हायचं, संपलेलं हे पहिलंच. काकांचा शेरा: ‘रूळ सोडून धावलं. चौकशी लागेल.’ आत्याने काही शेरा दिला नाही. तिने चावी पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, ‘ही आता माझ्याकडे राहील.’

काकांच्या चौकशीत तथ्य आहे. रूळ नाहीतच. तात्यांनी ते आणले नव्हते की कोणी भंगारात घातले, कळायला मार्ग नाही. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं छान संग्रहालय आहे, पण तिथल्या गाड्या एचओ मापाच्या, म्हणजे रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर. आमचं इंजिन ओ मापाचं, त्याला ३२ मिलिमीटर लागतात. म्हणजे पुण्यात रेल्वे आहे, पण गेज जुळत नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. माळा आवरताना पत्र्याचे, हलके, वाकडे रूळ सापडले तर भंगारवाल्याला देऊ नका. आतल्या बाजूने पट्टी लावून पाहा, सव्वा इंच भरलं तर ते माझ्या कामाचे. हॉर्नबीची वळणं एक फूट आणि दोन फूट त्रिज्येची असायची, यातली कोणतीही चालतील. दोनऐवजी तीन रूळ असले तर ते विजेच्या गाडीचे, तेही चालतील, चावीच्या इंजिनाचं मधल्या रुळावाचून काही अडत नाही. गंजले असतील तरी चालेल. फक्त कृपा करून पितांबरी लावू नका.