टोकनची घाई करणाऱ्या एजंटसाहेबांस

सन्माननीय एजंटसाहेब,


परवा सिंहगड रोडवरचा टू बीएचके दाखवलात, त्याबद्दल मनापासून आभार. काय दाखवावं हे पुष्कळांना कळतं, काय दाखवू नये हे आपल्याला कळतं. भर दुपारी सगळे दिवे लावलेले, पश्चिमेचे पडदे ओढलेले आणि उदबत्ती देवघरात नव्हे, बाथरूमच्या दारात! अशी भक्ती मी प्रथमच पाहिली.

घरभर रंग जुना, पण बाथरूमला लागून असलेली बेडरूमची एकच भिंत नवी कोरी, तीही कमरेपर्यंत. "मालकांची हौस," असं आपण म्हणालात. हौशी माणसं फार काटेकोर असतात. त्या भिंतीला टेकवलेलं कपाट आपण हलवू दिलं नाहीत, म्हणून मी फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला. मागे पोपडे सुटले होते, लोणा लागला होता. हौस कपाटाच्या मागे पोचली नव्हती.

तीन नळ एकदम सोडून मी फ्लश ओढला, तेव्हा आपल्या चेहऱ्यावर जे भाव आले ते एरवी लग्नात रुखवताला हात लावणाऱ्याच्या वाट्याला येतात. शॉवरला करंगळीएवढी धार राहिली. "पाण्याचा प्रॉब्लेमच नाही," हे आपलं वाक्य मात्र शब्दशः खरं. प्रॉब्लेम टँकरच्या वर्गणीचा आहे. ती थकवणाऱ्यांची यादी खाली लिफ्टजवळ नोटीस बोर्डावर लावली होती. सोसायटीचं खरं आत्मचरित्र तिथेच वाचायला मिळतं, आणि ते वाचायला एजंट लागत नाही.

पुढे, आपण "कार्पेट" म्हणून सांगितलेल्या हजार स्क्वेअर फुटांचा प्रश्न. मी टेप काढली, आपण घड्याळ. 2016च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या करून ठेवली आहे: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि गॅलरी सोडायची. आपल्या हजारात जिना, लिफ्ट आणि बहुधा वॉचमनची खुर्चीही राहत असावी. गॅलरी आत घेऊन "स्टडी" केली आहे. तिला मंजुरी आहे का, असं विचारल्यावर "सगळ्यांनीच घेतलीय" हा जो नकाशा आपण दाखवलात, तो महापालिकेत सापडेल असं वाटत नाही.

पार्किंगचे वेगळे चार लाख सांगितलेत. बिल्डरला स्टिल्टमधलं आणि उघड्यावरचं पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2010मध्येच सांगितलंय. बिल्डरला जे जमत नाही ते आपले मालक करून दाखवतायत. हे धाडस कौतुकास्पद आहे.

आणि कागद! भोगवटापत्राचं विचारलं, तर "सोसायटी झालीय ना, मग?" कन्व्हेयन्सचं विचारलं, तर "बिल्डर सज्जन आहे." साहेब, जमीन सोसायटीच्या नावावर करून द्या, असं मोफा कायदा 1963पासून सांगतोय. इमारत तीस वर्षांची झाली तरी जमीन जर त्या सज्जनाच्याच नावावर असेल, तर रिडेव्हलपमेंटच्या वेळी त्याचा सज्जनपणा बघायला मी जिवंत असेन का? बँकेचा बोजा आहे का, सोसायटीची थकबाकी किती, स्ट्रक्चरल ऑडिट झालं का, यांवर आपण एकच उत्तर दिलंत: "दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय."

गंमत म्हणजे आमच्या घरच्यांनी आपल्याला विचारलेला पहिला प्रश्न होता, दार कोणत्या दिशेला? त्याचं उत्तर आपण होकायंत्र काढून दिलंत. तेवढं एक यंत्र आपल्याकडे चालू स्थितीत आहे.

तरी एक विनंती. जुलैत झड लागली की सकाळी पाणी सुटायच्या वेळेला पुन्हा एकदा घर दाखवा. उदबत्ती मीच आणेन. कपाट मात्र आधी सरकवून ठेवा.

आपला,
टोकन खिशातच ठेवलेलं एक गिऱ्हाईक

ता. क. "संध्याकाळची पार्टी" मला नोटीस बोर्डापाशीच भेटली. त्यांच्यापाशी आपण माझा उल्लेख "दुपारची पार्टी" असा केला होतात. त्यांनाही टेप आणायला सांगितलंय.