आमच्या पोटावर पाय देऊ नका

मा. अध्यक्ष,
निहोन सुमो क्योकाई, अर्थात जपान सुमो संघटना,
ऱ्योगोकु, टोकियो

स. न. वि. वि.

मी मुलांसाठी विनोदी कार्टूनं लिहून पोट भरतो. सध्या हातात असलेल्या मालिकेचा नायक सुमो पैलवान आहे. तो कसा हवा, हे चॅनेलने स्वच्छ सांगितलंय. ढोल असावा, अखंड खात असावा, अकलेने बेताचा असावा, चालला की कपबशा हलाव्यात आणि दर भागाच्या शेवटी त्याने खलनायकाच्या अंगावर बसावं. पोकेमॉनमध्ये अ‍ॅशच्या झोपाळू स्नोरलॅक्सने सुमोची स्पर्धा मारली, तिथपासून आमच्या धंद्यात हे ठरूनच गेलंय. आपली संघटना मात्र या चाकोरीत राहायला तयार नाही. वर आमचे विनोद आमच्या आधी वापरून मोकळी होते. म्हणून हे जाहीर गाऱ्हाणं.

पहिल्याच भागात मी एक प्रसंग घातला होता. नायक उंचीत कमी भरतो, म्हणून डोक्यावर टेंगूळ आणवून मोजपट्टीखाली उभा राहतो. शेरा आला : ‘अतिरंजित. मुलांनाही पटणार नाही.’ आणि आपल्याकडच्या माइनोउमीने काय केलं? १९९० साली १७३ सेंटीमीटरची अट पुरी करायला टाळूच्या कातडीखाली सिलिकॉन भरून घेतलं, आणि गडी पास झाला! बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? पुढच्याच वर्षी त्याने दोन मीटरहून उंच अकेबोनोला आडवं केलं. आता तर आपण ती अटही ढिली केलीत. टेंगूळ वाया गेलं.

लंगोट सुटणं हा आमचा पिढीजात विनोद. त्यावर तरी आपण हात टाकायला नको होता. पण आपल्या नियमांत लंगोट सुटला की पैलवान हरला, असं चक्क कलम आहे, आणि २००० साली ते एकावर लागूही झालं. दुखण्याचं सोंग घेऊन शाळेला दांडी मारणारं पोर आम्ही कैक वर्षं विकतोय. २००७ मध्ये आपला योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदावरचा पैलवान असाशोर्यू, दुखापतीचं कारण सांगून दौरा चुकवतो आणि मंगोलियात फुटबॉल खेळताना कॅमेऱ्यात सापडतो. दोन स्पर्धांची बंदी झाली खरी, पण आमच्या नुकसानीचं काय? ४५ स्पर्धा जिंकलेल्या हाकुहोने २०१५ मध्ये काय केलं, तर कुस्ती सुरू होताच प्रतिस्पर्ध्याच्या नाकासमोर टाळी वाजवली. तो दचकला आणि हरला. योकोझुनाला हे शोभत नाही, असं वडीलधाऱ्यांनी सुनावलं. आमच्या नायकाला अगदी शोभलं असतं.

बाकी किरकोळ. सर्वांत वरच्या दर्जाचा पंच कमरेला कट्यार लावतो, का, तर निकाल चुकला तर पोट फाडून घ्यायची तयारी म्हणून. (हल्ली चुकला तर राजीनामा सादर करतो.) स्पर्धेच्या दिवसांत कोंबडी शुभ, कारण ती दोन पायांवर उभी असते. गाय चार पायांवर, म्हणजे हात टेकलेली, म्हणजे हरलेली. हे मी लिहिलं असतं तर संपादकांनी मला रजेवर पाठवलं असतं.

जिथे आम्हाला हातभार लावायचा, तिथे नेमके आपण आडवे येता. आपल्या यादीत ८२ डाव आहेत. मी वरपासून खालपर्यंत वाचले. अंगावर बसणं त्यात नाही. नायक सकाळी उठल्या उठल्या टोपलंभर खातो असं दाखवावं, तर आपली पोरं पहाटे उपाशीपोटी तालमीत उतरतात आणि पहिला घास दुपारच्या सुमाराला घेतात. तोही थोरल्यांचं जेवण झाल्यावर, त्यांना वाढून. दीडशे किलोचा गडी दोन्ही पाय दोन दिशांना सपाट पसरून छाती जमिनीला टेकवतो, हे चित्र काढायला आमच्या अ‍ॅनिमेटरने साफ नकार दिला. जाड माणूस असा वाकत नाही, म्हणाला.

सर्वांत जिव्हारी लागलं ते शोक्किरी. आपल्या गावोगावच्या दौऱ्यांत दोन पैलवान मुद्दाम निषिद्ध डाव खेळतात, लाथा घालतात, तोंडातल्या पाण्याच्या पिचकाऱ्या एकमेकांवर मारतात आणि पोरं हसून लोळतात. म्हणजे मुलांचा विनोदी सुमोही आपणच करता, आणि आमच्यापेक्षा चांगला करता. ही सरळसरळ मक्तेदारी झाली.

आपल्या घरातलं एकच प्रकरण आम्ही उचललं नाही. २००७ मध्येच एका तालमीत सतरा वर्षांचं पोर वस्तादाच्या आणि थोरल्या पैलवानांच्या माराने मेलं. वस्ताद पुढे तुरुंगात गेला. आमच्या कार्टूनमध्ये मार खाल्लेला माणूस पुढच्या चौकटीत उठून उभा राहतो.

शेवटचा मुद्दा कामाचा आहे. आमच्या मालिकेत एक मुलगी आहे. नायकाची शेजारीण, नऊ वर्षांची, आणि ती त्याला दर दुसऱ्या भागात वर्तुळाबाहेर ढकलते. मुलांना तीच जास्त आवडते. मुंबईची हेतल दवे २००९ मध्ये तैवानला वर्ल्ड गेम्समध्ये सुमो खेळून आली, त्यामुळे आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे मात्र बायकांना वर्तुळ वर्ज्य. २०१८ च्या दौऱ्यात मायझुरू शहरात भाषण करता करता महापौर वर्तुळातच कोसळले, तेव्हा त्यांची छाती दाबायला धावलेल्या बायकांना पंचाने ध्वनिक्षेपकावरून खाली उतरायला सांगितलं. नंतर वर्तुळात शुद्धीसाठी टाकतात ते मीठ फेकलं गेलं. कुणाला इजा झाली की तशी रीतच आहे, असा खुलासा झाला. आपण माफी मागितलीत, हे मान्य. त्याच दौऱ्यात शिझुओकात लहान मुलांना पैलवानांशी खेळायला बोलावलं, तेव्हा मुलींना आणू नका असा निरोप गेला. कारण दिलं सुरक्षिततेचं.

तेव्हा कृपया कळवावं : आमच्या पोरीने वर्तुळात पाय ठेवला की मीठ टाकावं लागेल का? लागणार असेल तर दर भागाला साधारण किती? चॅनेलला खर्चाचा अंदाज सोमवारपर्यंत द्यायचा आहे.

आपला कृपाभिलाषी,
एक कार्टूनवाला