शेवटची सही तालुक्यातच होऊ द्या

घटस्फोट झाला. दागिने परत मिळाले, एकरकमी पोटगी ठरली, परस्परसंमतीच्या अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या. तरी ‘चारशे अठ्ठ्याण्णव’, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा कलम 498-अ खालचा खटला, उभाच! हा गुन्हा तडजोडीने मिटवण्याजोगा नाही. फिर्यादी बाई स्वतः ‘आता माझी तक्रार नाही’ म्हणाली, तरी तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांना खटला मिटवता येत नाही. मग उच्च न्यायालयात जायचं, नाहीतर साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून फितूर व्हायचं. ज्या बाईने खरोखर मार खाल्ला, तिने शपथेवर ‘तसं काही घडलं नाही’ म्हणायचं? मला हे सहन होत नाही.

संमतीने असा गुन्हा रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयाचं दार सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये बी. एस. जोशी खटल्यात उघडलं. पण तिथवर पोचायचं कसं? वकिलाची फी, शपथपत्र, एसटीचं भाडं, मुक्काम, बुडालेली मजुरी. कोल्हापूरला 2025 मध्ये खंडपीठाचं कामकाज सुरू होईपर्यंत सावंतवाडीच्या बाईला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. संमतीने गुन्हा रद्द करण्याचे रोज किमान दहा अर्ज आपल्यापुढे येतात, असं 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच नोंदवलं आणि कायदा बदलून हा गुन्हा तडजोडीने मिटवण्याजोगा करण्याचा विचार करा, असं केंद्राला सुचवलं. विधी आयोगानेही 2012 मध्ये तेच सांगितलं होतं. आंध्र प्रदेशाने तर 2003 मध्येच राज्यापुरती तशी दुरुस्ती केली. 2024 मध्ये जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, 498-अ चं कलम 85 झालं. कुलूप मात्र जुनंच.

दबाव आणून बाईकडून तडजोड करून घेतील, ही भीती खरी आहे. मी ती हलकी मानत नाही. म्हणून तालुक्यातच तडजोड होऊ द्यायची, तर तिला परवानगी न्यायदंडाधिकाऱ्यांचीच हवी, आणि तीही बाईशी चेंबरमध्ये एकटीशी बोलून, भाऊ, वकील, सासरचे सगळे बाहेर ठेवून. पैसे तिच्या खात्यात आले का, हे पासबुकावर पाहून. उच्च न्यायालयाच्या गर्दीत तिच्याशी इतकं निवांत कोण बोलणार?

शिवाय तडजोडीच्या कागदात बहुतेकदा एक ओळ असते : शेवटचा हप्ता गुन्हा रद्द झाल्यावर. म्हणजे तारीख लांबली की अडकतो तो तिचा पैसा. त्यातूनच तिला शिलाई मशीन घ्यायचं असतं, खोलीचं डिपॉझिट भरायचं असतं, लेकराची फी भरायची असते.